चेअरमन मंगळवारी आला

डूख धरावा तर माझ्यासारखा. इतकी वर्षं मी चेअरमन बेडेनवर तो धरून होते आणि मला त्याची रतीभरही लाज वाटत नाही.

आमच्या गावच्या पेलिकन्स या फुटबॉल क्लबाचा प्रशिक्षक माझा नवरा, एकोव. चेअरमन बेडेन. शहरातला लाकडाचा व्यापारी, रविवारी गाडीतून यायचा, सामना बघायचा आणि जायचा. सराव पहाटेच हवा, हा त्याचा हट्ट. आमची पोरं पहाटे होड्यांवर, सरावाला येणार कोण? आली नाहीत की हकालपट्टी. दर मोसमात बाहेरून भाड्याचे खेळाडू आणायचे आणि हरलो की जिंकण्यासाठी मंत्र घालायला ठेवलेला मांत्रिक बदलायचा, हाच त्याचा कारभार. शेवटी क्लब खालच्या विभागात घसरला. त्या संध्याकाळी भर मैदानात माइक हातात घेऊन बेडेनने सांगितलं, एकोवने सामना विकला. गावाने ते मानलं. रोज माझ्या भट्टीवर धुरी दिलेले मासे नेणारे लोक आमच्या दारावर थुंकून गेले. बेडेन बरे खेळाडू घेऊन ताकोराडी शहरात गेला आणि तिथे रॉयल सिटी नावाचा क्लब काढून बसला. एकोव घरात बसला तो बसलाच.

मोडका क्लब कोणालाच नको होता. मी मागितला. मासे धुरावणारी बाई क्लब चालवणार म्हणून बैठकीत हशा पिकला. हसा म्हटलं.

पहिलं काम म्हणजे सराव मंगळवारी नेला. मंगळवार समुद्रदेवाचा, त्या दिवशी आमच्याकडे एकही होडी पाण्यात जात नाही. सगळी पोरं, सगळे बाप किनाऱ्यावर हजर. मांत्रिक बंद केला आणि त्याच्यावरचा खर्च वाचवून शाळेतले दोन मास्तर प्रशिक्षण शिकायला पाठवले. बाहेरचा खेळाडू घ्यायचा नाही, दहा-अकराची पोरं धरायची आणि ती मोठी होईपर्यंत थांबायचं, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे एकोवने. तो घरात बसून सगळं आखायचा आणि मी ते माझं म्हणून बाहेर सांगायचे. त्याचं नाव घेतलं असतं तर गावाने मलाच हाकललं असतं.

पहिली काही वर्षं आम्ही सपाटून हरलो. मास्तर बदला, एखादा तयार गोल मारणारा आणा, म्हणून लोक माझ्या भट्टीवर येऊन भांडायचे. मी म्हणायचे, आधी मला बदला. मग पोरांना मिसरूड फुटलं आणि क्लब एकेक विभाग वर चढू लागला. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याच विभागात, रॉयल सिटीच्या मांडीला मांडी लावून बसलो.

मोसमाचा शेवटचा सामना त्यांच्याशीच होता, आमच्या मैदानावर. आमची जागा पक्की होती, हरलो तरी काही बिघडत नव्हतं. बेडेन हरला तर त्याचा क्लब खाली जाणार होता. सोमवारी त्याचा फोन आला.

“मान्सा, उद्या सकाळी येतो. माणसं समुद्रावर गेली की निवांत बोलू.”

इतकी वर्षं या गावच्या क्लबाचा चेअरमन होता, आणि मेल्याला आमचा मंगळवार ठाऊक नव्हता. मी म्हटलं, “या ना चेअरमन. सकाळीच या.”

माझ्या शेडची मागची भिंत माडाच्या झापांची. तिच्या पलीकडे सावलीत नाना एसुमन, म्हणजे आमच्या कोळ्यांचे प्रमुख, आपल्या माणसांना घेऊन जाळी सांधत बसतात. मी नानांना एवढंच सांगितलं की आज गाणं नको, गप्प बसा. पाहुण्याचा बाक झापांना टेकवून ठेवला.

बेडेन रस्त्याकडच्या दाराने आला. नाक मुठीत धरून आला होता. आधी गोड बोलला, मग रविवारचा सामना सोड म्हणाला, मग भाव बोलला.

“या घरात सामने विकतात, असं तुम्हीच सांगितलं होतंत,” मी म्हटलं. “म्हणून आलात होय?”

“जुनं कशाला उकरतेस, बाई.”

“एकदा सांगा. एकोवने विकला होता?”

“छे, तो कसला विकतोय! लोक मला फाडून खायला निघाले होते, कोणाचं तरी नाव घ्यावंच लागलं. आता रविवारचं बोल.”

पलीकडे कोणीतरी खोकलं. बेडेन उठला आणि झापांतून डोकावला. सगळा किनारा हातात जाळी धरून त्याच्याकडे बघत होता.

“आज गेले नाहीत?” त्याने विचारलं.

“मंगळवार आहे,” मी म्हटलं.

रविवारी आमच्या पोरांनी चार गोल मारले. त्यांना मी एक शब्द सांगितला नव्हता. त्यांचे बाप झापांमागे बसले होते, तेवढं पुरलं. शिट्टी झाल्यावर बेडेन माझ्यासमोर आला. डोळे लाल झाले होते.

“तुला काय मिळालं यातून? तुझा क्लब तर तसाही वरच राहत होता.”

“तुम्ही खाली गेलात,” मी म्हटलं. “मला तेवढंच हवं होतं.”

पण माझं अजून पोट भरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी नाना एसुमन गावातली वडीलधारी मंडळी घेऊन दारात आले. माफी मागायची म्हणून रीतीप्रमाणे जिनची बाटली आणली होती. आत एकोव मक्याच्या पिठाचं केंके आणि मासा खायला नुकताच बसला होता. नाना म्हणाले, एकोवच्या पाया पडायचंय, क्लब आता त्याने हातात घ्यावा.

“आता?” मी म्हटलं. “नाना, पोरं लहान धरा, बाहेरचा खेळाडू आणू नका, हे सगळं कोणाचं डोकं होतं असं वाटलं तुम्हाला? ज्याच्या दारावर थुंकलात, त्याचंच ऐकत आलात इतकी वर्षं.”

आतून एकोवचा आवाज आला, “मान्सा, माणसं उन्हात उभी आहेत. आत घे त्यांना.”

त्याचं मन मोठं आहे. माझं नाही. मी उंबऱ्यावर आडवी बसले आणि त्याला विचारलं, “अजून एक मासा वाढू?”