डाळिंबी शालू

माटुंग्याच्या त्या प्रदर्शनात सॅन्ड्रा परेराला स्वतःचीच चित्रं भिंतीवर टांगलेली दिसली. गेल्या संगीत नाटकाच्या वेशभूषेसाठी गिरगावातल्या घरी, खिडकीशी बसून तिने काढलेली. रेषा तिच्या, रंग तिचे, आणि कोपऱ्यात सही पद्मजाताईंची. पद्मजाताई म्हणजे त्या नाटकाच्या नायिका, गायिका आणि निर्मात्याही. चित्रांसमोर उभ्या राहून त्या कुणाला तरी सांगत होत्या, "कल्पना सगळी माझीच हो. एक मुलगी होती रंग भरायला."

रंग भरायला! सॅन्ड्राच्या अंगाची लाही लाही झाली. तिथेच तमाशा करावा असं वाटलं, पण तिचं ऐकणार कोण? नाटकाच्या जाहिरातीतही 'वेशभूषा'पुढे ताईंचंच नाव छापलेलं होतं. तिची मम्मी, कार्मेन, दर प्रयोगाआधी विचारायची, "आज तरी तुझं नाव घेतील काय गो?" तिला काय सांगायचं? सॅन्ड्राने सगळं गिळलं. विसरली मात्र काहीच नाही.

म्हणूनच नव्या नाटकासाठी ताईंचा फोन आला, तेव्हा तिने एका पायावर हो म्हटलं.

वेशभूषेचं चित्र काढायची तिची एक रीत होती. आधी मागच्या पडद्याचा रंग कागदभर पसरायचा, मग त्यावर माणूस उभा करायचा. नट काही पांढऱ्या कागदासमोर गात नाही. या नाटकात राजमहालाचा पडदा डाळिंबी होता. नेपथ्य करणाऱ्या दीपकने त्या कापडाचा तुकडाच तिला आणून दिला होता. या खेपेला मात्र तिने माणसामागचा कागद कोरा ठेवला.

राणीची तीन चित्रं झाली. पिवळ्या शालूतली राणी तिने हुबेहूब ताईंसारखी काढली, आहे त्या वयाची आणि आहे त्या पोटाची. हिरव्या शालूतली त्याहून थोराड. आणि डाळिंबी शालूतली? लांब मान, बारीक कंबर, जेमतेम पंचविशीची! शालूचा रंग तिने पडद्याच्या तुकड्याशी लावून लावून जुळवला, काठसुद्धा त्याच रंगाचे ठेवले. एवढा जीव तिने कुठल्याच चित्रात ओतला नव्हता.

परळच्या तालमीच्या हॉलमध्ये ताईंनी पहिली दोन चित्रं नाक मुरडून बाजूला सारली. तिसरं हातातून सुटेना.

"हाच शालू! काय दिसतेय मी!"

"ताई, या वेळी माझं नाव टाकाल ना?" सॅन्ड्राने विचारलं. हो म्हणाल्या असत्या, तर तिने ते चित्र तिथल्या तिथे फाडलं असतं.

"अगं, नाव काय पळून चाललंय? आधी काम शिक."

झालं. चित्र शिंप्याकडे गेलं.

रंगीत तालमीला पडदा लागला, दिवे लागले, राणी आली आणि पडद्यात गडप झाली. नुसता चेहरा आणि दोन हात हलताना दिसत होते. मागे दासी झालेली नवखी रुचा साध्या पांढऱ्या लुगड्यात लखलखत होती. दीपक सॅन्ड्राजवळ सरकला.

"अगं, ताई दिसतच नाहीयेत. सांग ना त्यांना."

"तू सांग."

दीपक आपल्या पडद्याच्या दोऱ्या आवळायला निघून गेला. ताईंना नको ते सांगणारा माणूस त्यांच्या नाटकात टिकत नसे. आणि रंगमंचावर उभं राहून स्वतःला बघायची सोय कुठल्याच नटाला नाही. ताईंनी वरूनच विचारलं, "सॅन्ड्रा, कसा दिसतोय गं?"

"अगदी चित्राबरहुकूम, ताई."

शुभारंभाचा प्रयोग दादरला होता. ताई प्रवेश करून, सवयीप्रमाणे, टाळ्यांसाठी थांबल्या. टाळी पडली नाही. मागून दिवा घेऊन रुचा आली आणि लोकांना वाटलं हीच राणी. सगळं थिएटर कडाडलं. विंगेत उभ्या सॅन्ड्राच्या काळजाला थंडावा मिळाला. मध्यंतरात जो तो एकच बोलत होता, की राणी कुठे आहे तेच कळत नाही, हे कपडे केले कुणी? एका समीक्षकाने तर ते ताईंना तोंडावरच विचारलं.

ताई तरातरा मेकअप रूममध्ये आल्या. "तू मुद्दाम केलंस!"

"मी? मी तर रंग भरायला असते, ताई. कल्पना सगळी तुमची."

ताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्या हसल्या, माइक मागवला आणि सरळ पडद्यापुढे गेल्या.

"रसिकहो, एक खुलासा. जाहिरातीत चुकून माझं नाव छापलं गेलंय. या नाटकाची संपूर्ण वेशभूषा सॅन्ड्रा परेरा यांची आहे. सॅन्ड्रा, ये ना बाहेर!"

प्रेक्षकांत कुजबुज झाली. कुणीतरी फिसकन हसलं. सॅन्ड्राच्या चांगल्या चित्रांवर दुसरीची सही होती, आणि आता या एका शालूवर, जन्मभरासाठी, तिचं नाव लागलं होतं. दीपकने हलकेच ढकललं तेव्हा ती दिव्यांच्या उजेडात आली.

थिएटर गप्प होतं. फक्त एक बाई उभी राहून, डोळे पुसत, जोरजोरात टाळ्या वाजवत होती आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती, "माझी पोर ती! हे सगळं तिनेच केलंय!"