तुटक रेघ

नकाशा कचेरीत वहिनींनी एकतीस वर्षं एकच किनारा काढला. दर नव्या आवृत्तीला त्याच खाड्या, तेच बुरूज. पण तो किनारा त्यांनी डोळ्यांनी काही पाहिला नव्हता. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात नणंद गाडी घेऊन दारात हजर. "चला वहिनी! दादाच्या भरवशावर राहिलात तर झालंच. त्याला सोफा सुटत नाही."

नणंदेचं गाडी चालवणं म्हणजे बैलगाडीने पुढे जावं असं. मागचे लोक हॉर्न वाजवून रडकुंडीला आले की ती खिडकीतून हात काढून म्हणायची, "जा बाबा, घाई तुला आहे!" वहिनींच्या ते पथ्यावरच पडलं. प्रत्येक वळणाआधी त्या सीटवर पुढे सरकत. "आता डावीकडे पडका बुरूज. मग खाडी आत शिरते, बोटासारखी!" बुरूज यायचा, खाडी यायची आणि वहिनी टाळ्या पिटायच्या.

"नक्की इथे कधी आला नाहीत ना?"

"हाताने आलेय, वन्सं. पायाने पहिल्यांदाच."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्या एका पुळणीवर पोचल्या. समोर पाण्यात जुना किल्ला उभा. नणंद होडी शोधायला लागली.

"होडी कशाला? ओहोटीला वाट उघडी पडते. तुटक रेघ आहे तिथे, मीच काढलीय."

"कागदावर काय हो, मी चंद्रावरही जाईन!"

जवळच जाळं सांधत बसलेली बाई हसली. "बरोबर बोलतायत त्या. आता उघडेलच. पण पाणी फिरायच्या आत परता, नाहीतर संध्याकाळपर्यंत बसा तिथेच."

आणि खरंच, बघता बघता पाण्यातून काळे, शेवाळलेले दगड डोकी वर काढू लागले. वहिनींनी चपला हातात घेतल्या आणि साठीची बाई साडी वर खोचून निघालीसुद्धा. नणंद मागे "हळू! अहो, हळू!" करत. अर्ध्या वाटेत वहिनी एकदम थबकल्या. समोर एक थोरला खडक होता आणि वाट त्याला वळसा घालून जात होती.

"वन्सं, ही वाकते! मी सरळ काढायची!"

"म्हणजे एकतीस वर्षं चुकीची?"

"एकतीस वर्षं!" वहिनींना हसू आवरेना. पोट धरून त्या तिथेच दगडावर बसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेनात.

किल्ल्यात गंजलेल्या तोफा होत्या, भन्नाट वारा होता. तटावर बसून वहिनींनी वही काढली आणि तो वळसा उतरवायला घेतला. मान वर केली तेव्हा पलीकडून जाळंवाली बाई दोन्ही हात हलवत होती. वाट केव्हाच पाण्याखाली गेली होती.

नणंदेने कपाळावर हात मारला. "झालं! आता संध्याकाळपर्यंत बसा पाणी बघत!" पण पर्समध्ये बिस्किटांचा पुडा सापडला तशी ती जरा निवळली. तिने भावाला फोन लावला. "दादा, तुझी बायको समुद्रात अडकलीय."

"घाबरलीय का ती?"

वहिनींनी फोन हिसकावलाच. "अहो, ऐका! वाट वाकते! सरळ नाहीच मुळी!"

"कुठली वाट?"

"आल्यावर सांगते. आत्ता वेळ नाही!" म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. तटाचा घेर मोजायचा होता, दक्षिणेचा बुरूज बघायचा होता, दिवस कमीच पडणार होता. नणंदेला त्यांनी पावलं मोजायला पुढे धाडलं.

"चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी..." वाऱ्यात तिचा आवाज चढला. "वहिनी, मध्ये बोलू नका हं, विसरेन मी!"