जादूगारांच्या युद्धात मरणार कोण?

दामिनीनं सकाळी पोस्टर टाकलं आणि दुपारपर्यंत पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांत भांडण लागलं.

पोस्टरवर फक्त दोन म्हातारे होते. एक पांढऱ्या दाढीचा, दुसरा काळ्या. दोघांच्या हातात जादूची काठी, मधून वाहणारी नदी, मागं काळेभोर ढग. खाली लिहिलं होतं, ‘जाम नदीचे जादूगार, भाग दुसरा. आता युद्ध होणार.’

दामिनी आणि तिचा धाकटा भाऊ वैभव सौंसरला लग्नांचं शूटिंग करायचे. लग्नाच्या तारखा संपल्या की कॅमेरा नुसता बॅगेत पडून राहायचा. मागच्या वर्षी अशाच रिकाम्या दिवसांत दोघांनी गंमत म्हणून जादूगारांचा सिनेमा केला आणि यूट्यूबवर टाकला. मांडववाल्याच्या जुन्या पडद्यांचे झगे, कापसाच्या दाढ्या आणि काठ्या म्हणजे शेतातल्या वाळक्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या झाडांच्या. आपल्या बोलीत बोलणारे जादूगार कोणी कधी पाहिले नव्हते. लोकांनी तो एकदा बघितला, मग घरच्यांना दाखवला, मग नागपूरच्या पाहुण्यांना पाठवला.

चांगला जादूगार होते पांढुर्ण्याचे श्रीधर सर. चाळीसेक वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. मंत्र म्हणून ते लहानपणी पाठ केलेली औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायचे. “दोन औटे सात, तीन औटे साडेदहा!” असं डोळे मिटून, घुमवून म्हटलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

वाईट जादूगार होते सौंसरजवळच्या बोरगावचे नत्थूजी. त्यांची संत्र्याची बाग होती. एका लग्नात त्यांना बँडवाल्यावर ओरडताना वैभवनं पाहिलं आणि नवरानवरीला सोडून कॅमेरा त्यांच्यावरच फिरवला. एवढा दणदणीत आवाज वाया घालवायचा नाही, असं दामिनीनं तिथंच ठरवलं. नत्थूजींचे मंत्र म्हणजे संत्र्यावरचे रोग. “डिंक्या! कोळशी! सुकून जाय!” असं म्हणून ते काठी रोखायचे.

पहिला भाग संपताना नदीच्या काठावरून नत्थूजींनी धमकी दिली होती, “आता येईन तं फौज घेऊन येईन!” वर्षभर लोक त्या फौजेची वाट बघत होते.

प्रश्न असा पडला, की युद्ध होणार म्हणजे कोणीतरी हरणार, कोणीतरी मरणार. पांढुर्ण्याच्या चहाच्या टपरीवर पक्कं होतं, सर जिंकणार. सौंसरच्या टपरीवर तेवढंच पक्कं होतं, नत्थूजी जिंकणार. दामिनीला दिवसभर फोन. एका अनोळखी माणसानं तर तिला बजावलं, “ताई, आमचा नत्थूजी मेला तं सौंसरात लग्नाची ऑर्डर विसरा.”

दामिनीनं कथा लिहून ठेवली होती. वाईट जादूगार शेवटी मरतो, सगळ्या गोष्टींत मरतो तसा. ते सांगायला ती आणि वैभव बोरगावला गेले.

नत्थूजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी मरून नाही राहिलो.”

“काकाजी, खोटं खोटं मरायचं आहे,” वैभव म्हणाला.

“खोटं असो का खरं. जिल्हा पांढुर्ण्याचा झाला. कलेक्टर त्याईच्या गावात बसते. आम्ही काही बोललो? नाही बोललो. आता जादूबी त्याईचीच मोठी? अन् आमच्या गावात मी तोंड कसं दाखवू?”

“पण तुम्ही वाईट जादूगार आहात ना!”

“मंग? वाईट मानसाले गाव नसते का?”

दामिनी आणि वैभव तसेच सौंसरला परतले. दुसऱ्या दिवशी ते पांढुर्ण्याला श्रीधर सरांकडे गेले. सरांनी प्रश्न एका मिनिटात सोडवला. “अगं, एवढंच ना? मी मरतो. उलट मजा येईल. मरताना एक लांब मंत्र म्हणतो, औटकी शेवटपर्यंत.”

दामिनीचा जीव भांड्यात पडला. पण स्वयंपाकघरातून सरांच्या बायको उर्मिलाकाकू बाहेर आल्या. त्यांच्या हाताला कणीक लागलेली होती.

“कोण मरून राहिलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” सर म्हणाले. “सिनेमात.”

“सिनेमात नाही न् कशात नाही. सगळ्या गावानं मोबाइलवर तुम्हाले मेलेलं पाहावं अन् मी इथं कुंकू लावून बसावं? दामिनी, चहा पिऊन जा, पण हा विषय माह्या घरात नको.”

परतताना दामिनी मोटारसायकलवर मागं बसली होती. दोन्ही गावांच्या मधलं मोहगाव मागं पडलं तेव्हा ती म्हणाली, “वैभव, पोस्टर काढून टाकू का?”

“काऊन?”

“असं युद्ध कुठं असते का, जिथं मरायला कोणी तयार नाही?”

वैभव हसला. पण तिला हसू येत नव्हतं. तिनं पहिला भाग वेळ जावा म्हणून केला होता. दुसरा मात्र तिला मनापासून करायचा होता. महिनाभर ती त्याच्याशिवाय दुसरा विचार करत नव्हती आणि आता तो दोन म्हाताऱ्यांच्या हट्टापायी सुरू व्हायच्या आधीच संपत होता.

तरी जागा तर बघून ठेवू, म्हणून पुढच्या आठवड्यात दोघं नत्थूजींच्या बागेत गेले. संत्र्यांची गळ चालू होती. झाडाखाली कच्ची, हिरवी संत्री पसरली होती. नत्थूजींची बायको जयवंताबाई ती वेचून ढीग लावत होत्या. तशीच पडू दिली तर किडे होतात, म्हणून ती खड्ड्यात पुरायची असतात.

दामिनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गाल फुगवून बसली होती. तिला हसवावं म्हणून वैभवनं एक मऊ झालेलं संत्रं उचलून तिच्या पाठीवर मारलं. “डिंक्या!”

ती रागानं उठली. मग काय मनात आलं कोण जाणे, दोन्ही हात वर पसरून तशीच उभी राहिली.

“हे काय?” वैभवनं विचारलं.

“झाड झाली मी,” दामिनी न हलता म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. “वैभव! ज्याला जादू लागली त्याचं झाड होते! मरायचं नाही. झाड व्हायचं!”

जयवंताबाई कमरेवर हात ठेवून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “अन् झाड झालेल्याले किती वेळ उभं राहा लागते?”

“युद्ध संपेपर्यंत.”

“मंग मी होते. बसून वेचण्यापरीस उभं राहणं बरं.”

ही कल्पना सगळ्यांना पटली. नत्थूजी म्हणाले, झाड व्हायला हरकत नाही, झाड काही हरलेलं नसते. उर्मिलाकाकूंनी दोनदा विचारून खात्री केली आणि मग स्वतःच सरांच्या झग्याला नवी किनार शिवून दिली. शेवट मात्र दामिनीनं उघडा ठेवला. दोन्ही फौजा झाडं होतील, मधे दोन जादूगार उरतील, दोघं एकमेकांवर काठ्या रोखतील आणि तिथंच पडदा पडेल. कोण जिंकलं ते ज्याच्या त्याच्या गावानं ठरवावं.

शूटिंगच्या दिवशी ऊन लख्ख होतं. पांढुर्ण्याची फौज मिनीबसमधून आली. तिच्यात सरांचे जुने विद्यार्थी होते, औषधाच्या दुकानाचा मालक होता, तहसीलमधला एक बाबू होता. सौंसरची फौज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, आरोळ्या ठोकत आली. पांढुर्ण्याची माणसं कमी पडत होती, तेव्हा दामिनीनं जयवंताबाईंना त्यांच्याकडून उभं केलं.

“माही बायको दुश्मनाच्या फौजेत?” नत्थूजी म्हणाले.

“घरीबी तेच आहे,” जयवंताबाई म्हणाल्या आणि झगा सावरत नदीपलीकडच्या बाजूला गेल्या. नदी म्हणजे बागेतला कोरडा पाट.

वैभवनं कॅमेरा लावला. दामिनीनं हात खाली केला आणि युद्ध सुरू झालं.

मंत्रांचा गलबला उठला. दोन्हीकडून जादू म्हणून संत्री सुटली. तहसीलच्या बाबूला पहिलंच संत्रं पोटावर लागलं आणि तो एवढा छान झाड झाला, की त्याच्या बोटांची पानंसुद्धा हलत होती. औषधवाल्यानं दोघांना लोळवलं, म्हणजे झाड केलं. कोणी लागूनही पळत राहिलं, तर दोन्ही फौजा मिळून ओरडायच्या, “झाड! झाड हो बे!” आणि त्याला उभं राहावंच लागायचं. गळलेल्या संत्र्यांचा आंबट वास सगळ्या बागेत भरला. दामिनी कॅमेऱ्यामागं उभी होती आणि तिच्या पोटात हसू मावत नव्हतं, पण आवाज रेकॉर्ड होत होता म्हणून तिनं ओढणी तोंडात धरली.

हळूहळू आरडाओरडा कमी झाला. जिकडंतिकडं माणसं हात पसरून उभी. पांढुर्ण्याकडून आता फक्त श्रीधर सर आणि जयवंताबाई उरल्या होत्या. सौंसरकडून फक्त नत्थूजी.

नत्थूजी रंगात आले होते. त्यांनी “कोळशी!” अशी आरोळी ठोकली आणि हातातलं संत्रं सरांकडे फेकलं. सर वाकले. मागं जयवंताबाई होत्या. संत्रं त्यांच्या खांद्यावर बसून फुटलं.

जयवंताबाई जागीच थांबल्या. दोन्ही हात वर करून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. ओठ घट्ट मिटलेले. साऱ्या फौजेत त्यांच्याएवढं मनापासून झाड कोणीच झालं नव्हतं.

आता दोघांनी काठ्या रोखायच्या होत्या. सरांनी काठी रोखली. “पाच औटे साडेसतरा!”

नत्थूजींनी रोखली नाही. ते जयवंताबाईंकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून आजूबाजूला पाहिलं. सौंसरची झाडं, पांढुर्ण्याची झाडं, सगळी भर उन्हात उभी होती. कपाळावरून घाम गळत होता आणि एकही हलत नव्हतं.

वैभवनं दामिनीकडे पाहिलं. कॅमेरा बंद करू का, अशी खूण केली. तिनं जोरानं मान हलवली, चालू राहू दे.

नत्थूजींनी काठी खाली टाकली. ते झपाझप विहिरीकडे गेले, मोटर सुरू केली आणि पाण्याचा पाइप ओढत परत आले. पाट ओलांडून ते पलीकडे गेले आणि जयवंताबाईंच्या पायाशी पाणी सोडलं, रोपाला सोडतात तसं, हलकेच. मग काहीतरी पुटपुटत त्यांनी पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला आणि बायकोच्या खांद्यावर पाणी शिंपडलं.

जयवंताबाईंनी डोळे उघडले. हात खाली आले. झाडाची पुन्हा बाई झाली.

सर क्षणभर गोंधळले, पण फक्त क्षणभरच. त्यांनीही काठी टाकली. पाइपाचा मधला भाग खांद्यावर घेतला आणि ते मोठ्यानं, एका संथ लयीत औटकी उलटी म्हणायला लागले, साडेसतरा, चौदा, साडेदहा, सात. नत्थूजी पुढं, सर मागं. ज्या झाडावर पाणी पडायचं ते शहारून जागं व्हायचं. सौंसरची आणि पांढुर्ण्याची असा हिशेब कोणी ठेवला नाही, जवळचं झाड आधी. बाबू थंड पाणी पडताच किंचाळला. पुढं तर कोणाला धीरच राहिला नाही. जागी झालेली माणसं पाटात साचलेलं पाणी ओंजळीनं दुसऱ्यांवर उडवायला लागली आणि सगळी बाग चिखलानं आणि हसण्यानं भरून गेली.

“कट,” दामिनी म्हणाली, पण ते कोणालाच ऐकू गेलं नाही. तिनं गालावरून हात फिरवला. गाल ओले होते आणि ती तर पाण्यापासून बरीच लांब उभी होती.

जेवायला सगळे झाडांखाली, खऱ्या झाडांखाली, एकाच रांगेत बसले. उर्मिलाकाकूंनी पांढुर्ण्याहून पाठवलेल्या पोळ्या आणि जयवंताबाईंची बेसनाच्या पातोडीची भाजी होती. सिनेमा दिवाळीत मोहगावला मोठ्या पडद्यावर दाखवायचा, असं जेवतानाच ठरलं. त्यावर वाद झाला नाही, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

जेवणानंतर दामिनीनं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर शेवटचा प्रसंग दाखवला. तिच्या खांद्यावरून नत्थूजी, सर आणि जयवंताबाई वाकून बघत होते. पाणी शिंपडताना नत्थूजी जे पुटपुटले होते ते झग्याला लावलेल्या माइकनं पकडलं होतं. त्या दणदणीत आवाजाच्या माणसानं एवढ्या हळू विचारलं होतं, की पुन्हा लावून ऐकावं लागलं.

“लागलं का वं तुले?”

नत्थूजींचे कान लाल झाले. “ते काढून टाक, पोरी. जादूगार असं बोलते का?”

“काकाजी, सगळ्या सिनेमात हेच चांगलं आहे.”

“सौंसरचे लोक हसतीन मले. सर, तुम्हीच सांगा हिले.”

सर चष्मा काढून पुसत बसले.

जयवंताबाईंचे केस अजून ओले होते. पदरानं ते टिपत त्या म्हणाल्या, “राहू दे, दामिनी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यानं.”

नत्थूजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

“राहू दे मंग,” ते म्हणाले. “पण आवाज थोडा वाढव. मागच्या रांगेतल्याले आयकू नाही येनार.”