तीन ठोके

"मिस्त्री, आवाज गेलेला नाही," डॉक्टरबाई गाडीतून उतरता उतरताच म्हणाल्या. "उलट आता जरा मोकळेपणाने येतोय."

मिस्त्री हात पुसत बाहेर आला. लाल, बुटकी, दोनच माणसांची ती स्पोर्ट्‌स कार गॅरेजच्या दारात पुन्हा उभी होती. गेल्याच आठवड्यात त्याने तिच्या मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं आणि 'आता पाळण्यात बसल्यासारखं वाटेल' असं छातीठोकपणे सांगून ती परत केली होती.

"तोच आवाज?"

"तोच. घूंऽऽ असा. मागे कोणीतरी रुसून कण्हत बसल्यासारखा."

"बेअरिंग तर खराबच होतं हो."

"असेल ना. आमच्याकडेही किडलेला दात सापडतोच. पण दुखणारा तोच असतो असं नाही. शेजारचा उपटला की पेशंट दुसऱ्या दिवशी असाच गाल धरून हजर."

डॉक्टरबाईंनी जन्मभर लोकांचे दात पाहिले होते आणि पन्नाशी उलटल्यावर, घरच्यांच्या नाकावर टिच्चून, ही गाडी घेतली होती. रविवारी सकाळी ती काढायची आणि शहराबाहेर एक लांब चक्कर मारून यायचं, एवढीच त्यांची चैन. लोक हसले, त्यांनी हसू दिलं.

"मी रागावले नाहीये," त्या म्हणाल्या. "पण आता चक्कर मारताना मी रस्ता बघतच नाही, आवाज ऐकत बसते. तुम्हाला जमत नसेल तर सरळ सांगा. विकून टाकते."

"ठेवून जा," मिस्त्री म्हणाला. त्याचे स्वतःचेच कान गरम झाले होते.

त्या भागात त्याला नावाने कोणी ओळखत नसे. 'कानाकडे ने,' असं लोक एकमेकांना सांगत. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच हा माणूस तिचा आजार ओळखतो, अशी ख्याती होती. ख्यातीचं असतं तसं याही ख्यातीत निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं त्याच्या बायकोचं होतं आणि ते कोणाला ठाऊक नव्हतं.

अशा गाड्यांत मागच्या दोन चाकांच्या मध्ये, डिकीच्या तळाखाली, लोखंडाचा एक जड गोळा असतो. त्याला डिफरन्शिअल म्हणतात. इंजिनाचा जोर तो दोन्ही चाकांना वाटून देतो आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळू देतो, आतल्याला कमी. हा गोळा आतून झिजायला लागला की कण्हतो. पण पुढच्या सीटवरून ते कण्हणं चाकाचं की गोळ्याचं हे नीट कळत नाही. म्हणून मिस्त्री डिकीत शिरायचा, झाकण लावून घ्यायचा, तळाला कान लावून अंधारात आडवा व्हायचा. आणि गाडी चालवायची बायको.

ती गाडी शिकली ती याच कामासाठी. तिला डिफरन्शिअल समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे तुम्ही बाहेरचं चाक. गावभर फिरून येता. आणि मी आतलं, जागच्या जागी झिजणारं." दोघंही पोट धरून हसले होते. डिकीतून बोललेलं पुढे ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या. पत्र्यावर एक ठोका म्हणजे वेग वाढव. दोन म्हणजे पाय काढ. तीन म्हणजे कळलं, चल घरी. तीन ठोके ऐकले की ती एकदाच हॉर्न वाजवायची, छोटासा. त्याची काही गरज नव्हती. पण उत्तर दिल्याशिवाय राहील ती बाई कसली!

तिला जाऊन आता दुसरा हिवाळा लागला होता. तेव्हापासून मिस्त्री ब्रेक करी, क्लच करी, रेडिएटर करी. डिकीत मात्र तो शिरला नव्हता.

डॉक्टरबाई गेल्यावर त्याने गाडी जॅकवर चढवली. एकेक चाक हाताने फिरवून पाहिलं. सगळी गुळगुळीत फिरत होती. मग मोबाईल डिकीत ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि स्वतः चक्कर मारून आला. ऐकलं तर नुसता गोंगाट. फोनला सगळंच सारखं ऐकू येतं. त्यातलं काय ऐकायचं हे त्याला कोण सांगणार? मिस्त्रीने ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मनात भलतंच आलं. कान गेला की काय आपला? कान गेला असेल तर शटर ओढून घ्यायचं, दुसरं काय. घरी जाऊन करायचं काय, हा प्रश्न त्याने पुढे ढकलला, कारण घरी कोणीच नव्हतं.

शेवटी चहाचा कप हातात तसाच निवत असताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बेअरिंग एकट्याला तपासता येतं. चाक उचला, फिरवा, कान द्या. म्हणूनच तर त्याला बेअरिंग सापडलं होतं. दुसरं माणूस लागणार नाही असा आजार त्याने शोधला आणि गाडीच्या माथी मारला. कान शाबूत होता. खोट भलतीकडेच होती. त्याला बायकोची इतकी आठवण आली की तो स्टुलावर बसूनच राहिला.

रविवारी सकाळी त्याने डॉक्टरबाईंना बोलावून घेतलं.

"गाडी तुम्ही चालवायची," तो म्हणाला. "मी डिकीत असेन."

"कुठे?"

"डिकीत."

डॉक्टरबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डिकीकडे. "यात माझी बॅग मावत नाही. आणि वाटेत पोलिसांनी अडवलं तर काय सांगू, हा माझा मिस्त्री, स्वखुशीने कोंडलाय म्हणून?"

"अडवत नाही कोणी. गोदामांच्या मागचा रस्ता रिकामा असतो. एक ठोका ऐकला की वेग वाढवायचा, दोन ऐकले की पाय काढायचा. मधूनमधून गाडी डावी-उजवीकडे झुलवायची."

तीन ठोक्यांचं त्याने सांगितलं नाही. आवाज शोधायला ते लागत नव्हतं.

"गुदमरलात तर?"

"तर खूप ठोके वाजवीन."

गुडघे पोटाशी घेऊन तो आत शिरला. झाकण बंद झालं. पेट्रोलचा, रबराचा आणि जुन्या गालिच्याचा वास आला. तेवढ्यात गाडीने असा हिसका मारला की त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं. बायको वेग वाढवायची ती तेलाची धार धरल्यासारखी, न तुटू देता. डॉक्टरबाईंचा पाय दात उपटणाऱ्यांतला होता. पण रस्ता सरळ लागला तशा त्या सावरल्या.

त्याने एक ठोका दिला. गाडी पळू लागली आणि बरोबर त्याच्या कानाखाली ते सुरू झालं. घूंऽऽ. दोन ठोके. पाय निघाला आणि कण्हणं थांबलं. पुन्हा एक, पुन्हा सुरू. गाडी डावीकडे झुलली, उजवीकडे झुलली, आवाजात काही फरक पडला नाही. चाकाचं दुखणं असतं तर झुलताना बदललं असतं. हे जोर पडला की कण्हत होतं. गोळाच होता. मिस्त्रीचा हात तिसऱ्या खुणेसाठी वर गेला होता, तो त्याने मागे घेतला आणि डॉक्टरबाई आपणहून थांबेपर्यंत पडून राहिला.

"सापडला?" झाकण उघडत त्यांनी विचारलं.

"सापडला. मागच्या वेळी चुकीचा दात उपटला होता मी."

"चालायचंच," त्या म्हणाल्या. "कपाळाला टेंगूळ आलंय तुमच्या."

गॅरेजमध्ये गोळ्यातलं तेल काढलं तर त्यात चंदेरी चुरा चमकत होता आणि तेलाच्या बुचाला आतून असलेल्या चुंबकाला लोखंडाच्या कणांची मिशी फुटली होती. आतले दाते खलास झाले होते. अख्खा गोळाच बदलायला हवा होता. नवा मागवला, यायला वेळ लागला, पण आला.

मिस्त्रीने गाडी वर घेतली. इंजिनाकडून येणारा लांब दांडा सोडवण्याआधी जोडावर खडूने खूण केली, म्हणजे परत बसताना जसाच्या तसा बसेल. चाकांकडे जाणारे दांडे तारेने वर टांगले. जुन्या गोळ्याखाली जॅक लावला, बोल्ट काढले आणि तो हळूहळू खाली उतरवला. पूर्वी अशा वेळी बायको टॉर्च धरायची. हवं तिथे कधीच नाही, तिला बघायचं असेल तिथे. "अगं, इकडे!" असं तो दहादा ओरडायचा. "अहो, पण तिकडे काय आहे ते कळू दे की," ती म्हणायची. आता टॉर्च तारेने बांधलेली होती. ती जराही हलली नाही आणि काम लवकर उरकलं.

गाडी न्यायला डॉक्टरबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "आज तरी पुढे बसा माणसासारखे."

"तपासणी तिथूनच करायची असते."

"तुमचा हट्टच असेल तर घाला मान डिकीत."

पुन्हा तोच रिकामा रस्ता. एक ठोका. गाडी पळाली. दोन ठोके. गाडी संथ झाली. मिस्त्रीने श्वास रोखून धरला होता. टायरखाली बारीक खडी वाजत होती तेवढीच. एक ठोका, आणखी वेग, तरीही काही नाही. काम चोख झालं होतं. त्याला मनापासून आनंद झाला, खूप दिवसांनी झाला, आणि त्या आनंदात त्याचा हात आपसूक पत्र्यावर पडला. तीनदा.

मग तो वाट पाहत राहिला.

गाडी तशीच थोडी पुढे गेली, थांबली. घाईघाईची पावलं आली, झाकण उघडलं, डोळ्यांवर ऊन आलं.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का? तीन वाजवलेत तुम्ही."

"कळलं, चला घरी, असा त्याचा अर्थ."

"अहो, मग आधी सांगायचं ना! घाबरले मी." डॉक्टरबाईंनी त्याचे डोळे पाहिले आणि आवाज खाली आणला. "आणि तीन ऐकल्यावर मी काय करायचं असतं?"

एक शब्द पुरला असता. त्यांनी आनंदाने हॉर्न वाजवला असता, दोनदा वाजवा म्हटलं तर दोनदा.

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. "घरी चलायचं फक्त."

"मग या पुढे. आता काय ऐकायचं राहिलंय?"

"असू दे. जवळच तर आहे."

डॉक्टरबाईंनी झाकण अगदी हलक्या हाताने लावलं. गाडी वळली. मिस्त्रीने तळाला कान लावला आणि गॅरेज येईपर्यंत तो ऐकत राहिला. गोळा उत्तम बसला होता. कसलाच आवाज येत नव्हता.