हात मागे

“जा आत. आणि मी दार उघडेपर्यंत बाहेर यायचं नाही, कळलं?” ताई म्हणाली.

धाकटा भाऊ मान खाली घालून मागच्या खोलीत गेला. ताईने दार ओढून घेतले, किल्ली फिरवली, खटका पडल्याचा आवाज नीट ऐकला आणि किल्ली खिशात टाकून ती चहा ठेवायला गेली. आधणाला अजून उकळीही फुटली नव्हती, तोच पाठीमागून आवाज आला, “माझ्या कपात साखर जरा कमी.”

ताई गर्रकन वळली. भाऊ ओट्याला टेकून आरामात उभा होता.

“अरे! तू बाहेर कसा?”

“कुठून बाहेर?”

त्याच्या बोटांत तारेचा एक तुकडा होता. त्याने तारेकडे पाहिले, मग उघड्या दाराकडे पाहिले आणि चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा ओशाळला. “उघडलं वाटतं मी,” तो म्हणाला.

ताईला हसू आवरेना, आणि हसता हसताच ती मध्येच थांबली. कोर्टाने दिलेली मुदत संपत होती, सोमवारी सकाळी या माणसाला तुरुंगाच्या दारात हजर व्हायचे होते. शिक्षा वर्षभराची. आणि बंद दार समोर दिसले की उघडायचे, एवढे एकच काम त्याच्या हातांनी जन्मभर केले होते.

तो कुलूपवाला. बाजाराच्या तोंडाशी टपरी, टपरीवर टांगलेली पत्र्याची मोठी किल्ली, म्हणून सगळी वस्ती त्याला किल्लीदादा म्हणायची. दुकान वडिलांचे आणि कामाची रीतही वडिलांचीच. बंद दारासमोर उभा असलेला माणूस आधीच हवालदिल असतो, त्याला प्रश्न विचारून आणखी छळायचे नाही. आधी दार उघडायचे. या एका रीतीपायी तो अडकला. एक सभ्य गृहस्थ किल्ली हरवली म्हणून त्याला घेऊन गेला. काही दिवसांनी पुन्हा आला, मग पुन्हा. दारे तीन, घरे तीन, गृहस्थ तोच. तिन्ही घरांतले किडूकमिडूक गेले आणि गृहस्थ जो गडप झाला तो झालाच.

“एका माणसाची तीन घरं कशी, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही?” न्यायाधीशांनी विचारले होते.

“मला वाटलं, विसरभोळा आहे बिचारा,” किल्लीदादा म्हणाला. कोर्टात हशा पिकला. त्या हशानेच त्याचा निकाल लागला, असे ताईला आजही वाटते. खरे बोलणारा माणूस इतका भोळा दिसला की तो बनेल वाटतो.

ताईचे सगळे उलटे. देवाने तिच्या जिभेवर प्रश्नच पेरले होते. घरी बसून ती शर्टांची काजे-बटणे करायची, आणि माल घेऊन येणाऱ्याला शर्ट कोण घालणार, कुठे घालणार, हे विचारल्याशिवाय सुईत दोरा ओवायची नाही. भाऊ तिला चौकशी खिडकी म्हणायचा. दोघांनीही लग्न केले नाही. घर एक, चूल एक. तो विचारायचा नाही आणि ती थांबायची नाही, असा छान संसार चालला होता.

म्हणून शिक्षा लागली तेव्हा रडून झाल्यावर तिने पहिले काम केले ते चौकशीचे. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तरुणपणी आत जाऊन आला होता. गल्लीला ठाऊक होते, पण कुणी विचारायचे नाही. ताईने सरळ विचारले.

“आत झोपताना दिवा घालवतात का हो?”

इस्त्रीवाल्याने वर पाहिले. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारले नव्हते. “नाही घालवत,” तो म्हणाला. “डोळ्यांवर टॉवेल टाकायची सवय लावा म्हणावं.”

“आणि कपडे?”

“नाडी काढून घेतात. इलॅस्टिक घालून द्या. कुणाला काय केलंस म्हणून विचारायचं नाही.”

“तो कुणालाच काही विचारत नाही. जेवण कसं असतं?”

“असतं.” इस्त्रीवाला हसला. “ताई, जेवणाला माणूस सरावतो. संध्याकाळी दार लागतं ना, त्याला सरावायला वेळ लागतो. काम काय करतो तुमचा भाऊ?”

“कुलूपवाला.”

शर्टावरची इस्त्री तशीच राहिली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा त्याने ती दचकून उचलली. “अरे बापरे,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “आमच्यात एक जण होता. झाडूची काडी कुलपात घालून बसायचा, नुसता चाळा. पळायचं मनातही नव्हतं त्याच्या. पण शिपायाने पाहिलं. शिक्षा वाढली, वर एकट्याची खोली. तिथं चेष्टा चालत नाही, ताई. भावाला सांगा, हात आवर.”

तेव्हापासून मागच्या खोलीत ही तालीम सुरू झाली होती.

तार ताईने काढून घेतली. खिसे उलटे केले. भाऊ पुन्हा आत, खटका पुन्हा बंद. या वेळी ती दारातच बसली. जरा वेळाने आत खुडबुड झाली आणि दार अलगद उघडले. शिवणकामाच्या घरात सेफ्टी पिनांना काय तोटा! फरशीच्या फटीतून त्याने एक उकरून काढली होती.

“अरे माणसा, तुझं डोकं कुठं असतं त्या वेळी?” ताई कपाळाला हात लावून म्हणाली.

“डोकं तिथंच असतं गं. हात विचारत नाही त्याला.” तो उंबऱ्यावर बसला. स्वतःच्या बोटांकडे तो दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहावे तसा पाहत होता. “खाज सुटते ना, तसं होतं. ताई, तिथं मी असं केलं तर?”

ताईने त्याच्या हातातली पिन काढून घेतली. मग तिच्यातली चौकशी खिडकी उघडली. “थांब. आत नेमकं होतं तरी काय, ते मलाच बघू दे. मी आत जाते. तू बाहेरून लाव.”

“तू कशाला?”

“लाव म्हटलं ना!”

खोलीत जुन्या कुलपांचा गंज आणि तेल यांचा वास होता. वर हातभर झरोका. ताई पेटीवर बसली आणि मोठ्या उत्सुकतेने वाट पाहू लागली. आधी काहीच वाटले नाही. मग घर दूर गेल्यासारखे वाटले. नळाचा थेंब, रस्त्यावरची सायकल, सगळे होते तिथेच होते, फक्त आता ते दुसऱ्यांचे होते. अस्से होय, ती मनात म्हणाली, आणि पुढचे काही मनात यायच्या आत किल्ली फिरली. भाऊ दारात उभा. चेहरा पांढराफटक.

“आत्ताच तर गेले होते रे!”

“नाही जमत मला,” तो म्हणाला. “आत माणूस आहे आणि दार बंद आहे, हे नाही बघवत. तू मोरीत अडकली होतीस, आठवतं?”

ताईला आठवेना.

“लहान होतो मी. कडी गंजली होती. तू आतून विचारत होतीस, बाहेर कोण आहे, काय करतोयस, उघडत का नाहीस. सारखी विचारत होतीस. मला काही करता येईना, मी नुसता रडत होतो. मग बाबा आले. त्यांनी एक शब्द विचारला नाही. उघडलं. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात बसायला लागलो.”

अख्ख्या गावाची चौकशी केली आपण, ताईच्या मनात आले, आणि हा कुलूपवाला का झाला, हे मात्र कधी विचारले नाही. वडिलांचा धंदा म्हणून झाला असेल, असे धरून चाललो. तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तेलाने काळवंडलेली, नखांपाशी चिरलेली बोटे. देवाने हे हात एका माणसाला सोडवायला घडवले आणि तो माणूस आपण होतो.

“ऐक माझं,” ती म्हणाली. “आता आत तू असशील आणि मी बाहेर. मी अडकलेली नसेन. हिंडेन, भाजी आणेन, लोकांचं डोकं खाईन. मग तुझ्या हातांना घाई कुणासाठी? मी मोकळी आहे, हे त्यांना सांग. रोज संध्याकाळी, दार लागायच्या वेळी सांग.”

तो स्वतःच आत गेला, भिंतीकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात मागे घेऊन एकमेकांत गुंतवले. “लाव,” तो म्हणाला.

ताईने किल्ली फिरवली आणि दाराला पाठ लावून ती काजे करायला बसली. सुईबरोबर एक भजन गुणगुणू लागली. वडील दुकान उघडताना म्हणायचे ते. थोड्या वेळाने आतून ठेका आला. टाच, जमिनीवर. हात नव्हेत. सुई चालली, भजन चालले, टाच चालली. दार मध्ये होते आणि तरी दोघे एका तालात होते. भाजीवाली ओरडून गेली. ऊन दारातून भिंतीवर चढले.

मग टाच थांबली.

“ताई.”

“ओ.”

“एक विचारू?”

ताईची सुई थांबली. या तोंडातून हे शब्द तिने कधी ऐकले नव्हते.

“तुला माझी लाज वाटते?”

“वाटली,” ताई म्हणाली. भजन म्हटलेल्या तोंडाने खोटे कसे बोलायचे? “कोर्टात सगळे हसले ना, तेव्हा वाटली. वाटलं, माझा भाऊ एवढा कसा खुळा. मग घरी आल्यावर, मला तशी वाटली याचीच लाज वाटली. आता नाही वाटत.”

आत टाच पुन्हा वाजू लागली. दुपारच्या जेवणाला ताईनेच दार उघडले. तो होता तिथेच उभा होता, हात मागे.

सोमवारी तुरुंगाच्या मोठ्या फाटकासमोर दोघे उभे राहिले. ताईने इलॅस्टिकचा पायजमा, टॉवेल, दाढीचा ब्रश अशी पिशवी भरून त्याच्या खांद्याला अडकवली होती. फाटकात एक छोटे दार होते, त्यातून वाकून आत जायचे. शिपायाने नाव विचारले, पिशवी चाचपली आणि खुणेने आत बोलावले.

“विचारत जा लोकांना थोडं,” ताई म्हणाली.

“तू थोडं कमी विचार,” तो म्हणाला आणि वाकून आत गेला.

शिपायाने छोटे दार ओढले. ते गजांचे होते. भाऊ पलीकडे पाठमोरा उभा दिसत होता. शिपायाने किल्ली घातली, पण कुलूप अडले. त्याने जोर लावला, शिवी हासडली, किल्ली काढून पुसली, पुन्हा घातली. कुलूप लागेना. आवाज ऐकून भाऊ वळला. ताई नकळत एक पाऊल पुढे सरकली. कुलूप त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. त्याची बोटे पाठीमागे कशी वळवळत असतील, हे तिला न दिसताही दिसत होते.

“साहेब,” तो अदबीने म्हणाला, “किल्ली जराशी मागे ओढा. तांदळाएवढी. आता फिरवा.”

शिपायाने मागे ओढली, फिरवली. खटका पडला. स्वच्छ, एका आवाजात, त्यांच्या टपरीत पडायचा तसा. शिपायाने त्याच्याकडे नवलाने पाहिले. “आणि कधीतरी तेल घाला,” भाऊ म्हणाला, आणि कुलपाला बोटही न लावता वळून चालू लागला. गुंतवलेले हात पाठीवर होते. वळणापाशी टाच एकदा वाजल्यासारखे ताईला वाटले.

“कोण तुमचा?” शिपायाने विचारले.

ताईने उत्तर दिले. उलट काही विचारले नाही. बस थांब्याकडे निघाली, बरीच वाट चालून झाली, आणि मग तिच्या ध्यानात आले की आपलेही हात आपण मागे धरले आहेत, बोटांत बोटे गुंतवून. तिने ते सोडवले नाहीत. बस येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.