टीव्हीवरचे भिक्खू

बायकोची पिशवी जीपमध्ये चढवून कोंडिबांनी ऐसपैस बैठक मारली. दौंड स्टेशन मागे पडायच्या आतच त्यांनी जाहीर केलं, "सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं न्हाई. नेपाळातली दंगल म्या यवतात बसून पाहिली, आन् ती मिटवली आमच्या मंडळीनं."

मंडळी, म्हणजे भागुबाई, खिडकीशी सरकून बसली होती. लुंबिनीची बारा दिवसांची यात्रा करून ती नुकतीच गाडीतून उतरली होती. पांढऱ्या साडीवर प्रवासाची धूळ तशीच होती. शेजारी यात्रेतलीच सिंधूबाई. "होऊ द्या, भावजी," ती म्हणाली.

मग कोंडिबांनी सुरुवात केली. यवतात आनंदरावांच्या दुकानात साखर घ्यायला गेले, तर टीव्हीवर बातम्या. राजवाड्यात गोळीबार झाला, राजा गेला, संचारबंदी लागली. बातम्यांतली बाई 'शेजारी देश' म्हणाली तेव्हा ते चरकले. तोवर त्यांच्या हिशेबी लुंबिनी नागपूरच्या जरा पुढं होती. बायको परदेशात गेलीय, हे त्यांना टीव्हीनं सांगितलं. मग चित्रं आली. रस्ताभर तरणी पोरं, सगळ्यांची डोकी तुळतुळीत आणि हातांत दगड.

"एवढे भिक्खू दुसऱ्या कुठल्या गावात असणार? म्हटलं, ही लुंबिनीच. आन् भिक्खूच दगड मारायला लागल्यावर मागं राहिलं काय?"

इथं ते थांबले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले, मग पुन्हा आवाज चढवला.

"तेवढ्यात ही दिसली. अशी मधोमध उभी. एकेकाच्या हातातला दगड काढून घेत होती, आन् ते आपले मुकाट्यानं देत होते."

सिंधूबाईनं तोंडाला पदर लावला. भागुबाई शांतपणे म्हणाली, "भिक्खू नव्हते ते. राजा गेला म्हणून तिथल्या बाप्यांनी डोकी भादरली होती. आन् ते काठमांडूत, लुंबिनीपास्नं रातभराच्या वाटेवर. आम्हाला तर गोरखपूरला आल्यावर कळलं. दंगल चालली तवा आम्ही लुंबिनीत झाडाखाली बसून सिंधूच्या चिवड्यातले दाणे वेचत होतो."

कोंडिबांनी टोपी मागं सारली. "मंग टीव्हीवाल्यांनी तसं सांगाया नको?"

तिघंही हसली. कोंडिबा सगळ्यांत जास्त वेळ हसले, आणि हसून झाल्यावरही बायकोकडे बघतच राहिले.

पाटस मागे पडलं तसं त्यांनी पुन्हा उचल खाल्ली. काळजी त्यांनी केलीच नव्हती म्हणे. बातमी आल्यापासून तीन दिवस उसाला पाणी देत होते. दुकानात गोरखपूरहून तिचा फोन आल्याचं सांगायला आनंदरावांनी माणूस धाडला, तेव्हाही खोरं खाली ठेवलं नाही. येईल की, एवढं काय, म्हणाले.

भागुबाईनं त्यांच्या टोपीची मुडपलेली कड सरळ केली.

"पहिल्याच घंटेला फोन उचलला. मी भागू, म्हटलं, तर पलीकडं कुणी बोलंना. नुसता हुंदका. मंग खोकला. मंग आनंदराव बोलाया लागले."

"त्यांनाच आला असंल खोकला."

"चाळीस वर्सं उशाशी ऐकलाय मी तो. खोटं बोलताय. तुम्ही दुकानातच व्हता."