ब्रश, कृत्रिम केस

परदेशी पार्सलावर चिकटवायच्या फॉर्मात एक चौकट असते. चार बोटं लांब, एक बोट उंच. वर छापलेलं असतं, 'वस्तूचे सविस्तर वर्णन'. सविस्तर म्हणे. ज्यानं ही चौकट आखली त्यानं जन्मात एक पुडकं स्वतःच्या हातानं बांधलेलं नसणार. जहाजं भरभरून माल पाठवणाऱ्यांचं ठीक आहे. चौकटी भरायला त्यांच्याकडे पगारी माणसं असतात, आणि चौकटीत न बसणारं बसवून द्यायला वकील. बारा ब्रश पाठवणाऱ्या बाईलाही तोच फॉर्म, तीच चौकट आणि काचेमागं तोच जांभया देणारा माणूस.

त्या चौकटीत धाकटी दोन वर्षं एकच ओळ लिहीत आली होती. 'ब्रश, कृत्रिम केस.'

ब्रश होते शेळीच्या केसांचे.

ते करायच्या तिच्या थोरल्या जाऊबाई. घराची पुढची खोली हाच कारखाना. खिडकीखाली बुटकं टेबल, त्यावर केसांच्या जुड्या, मेणाचा दोरा, सरसाची वाटी. कातडी कमावणाऱ्याकडून केस आणायचे, धुवायचे, तेलकटपणा जाईपर्यंत पुन्हा धुवायचे, लांबीप्रमाणे लावायचे. मग एकेक जुडी बोटांत धरून उलट्या तोंडाचा केस सुरीच्या पात्यानं ओढून काढायचा. टोकाला कात्री लावायची नाही. केसाचं टोक जन्माला येताना जसं निमुळतं येतं तसंच ब्रशात राहायला हवं, कापलं की मेलं. हे त्यांना सासऱ्यांनी शिकवलं होतं आणि सासरे गेल्यावर अख्ख्या गावात हे येणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. मागच्या पडवीत मोठे भावजी ब्रशांच्या लाकडी मुठी कातायचे. त्यांना कमी ऐकू यायचं, आणि नको असलेलं तर मुळीच यायचं नाही.

धाकटीचं काम कागदाचं. ती शिकलेली. परदेशातली गिऱ्हाइकं तिनंच शोधली, पत्रव्यवहार तीच करायची, पोस्टात तीच जायची. धंदा मात्र जाऊबाईंच्या नावावर, त्यामुळे फॉर्मावर सही त्यांची. फॉर्म परक्या भाषेत. जाऊबाई हात पुसून यायच्या, धाकटीचं बोट जिथं असेल तिथं आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर मांडत लिहायच्या आणि पुन्हा जुडीला लागायच्या.

पहिल्या पार्सलाला धाकटीनं खरं लिहिलं होतं. 'ब्रश, शेळीचे केस, लाकडी मूठ.' खिडकीवाल्यानं ते वाचलं आणि पुडकं परत सरकवलं.

"जनावराचे केस. मग जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागेल."

ती दाखल्याला गेली. डॉक्टरनं अर्ज वाचून विचारलं, "शेळी कुठंय?"

"शेळी नाही. तिचे केस आहेत."

"तपासणी शेळीची होते. शेळी निरोगी असली की केस निरोगी."

"साहेब, ती शेळी लोकांच्या पोटात गेली."

"मग अवघड आहे," डॉक्टर म्हणाला. त्यातल्या त्यात मार्ग होता, नमुना वरच्या कचेरीत पाठवायचा. तीन आठवडे. दर खेपेला नवा नमुना, नवे तीन आठवडे.

ती पुडकं घेऊन पुन्हा खिडकीशी आली. तेव्हा खिडकीवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, कृत्रिम लिहा की. उघडून कोण बघतंय? सगळे तेच करतात." माणूस वाईट नव्हता. ज्यांच्या हातात नियम असतो ते फार वाईट नसतातच. नियम कसा चुकवायचा हे आपुलकीनं सांगतात आणि नियम आहे तिथंच ठेवतात.

तिनं नवा फॉर्म घेतला, घरी आली, म्हणाली, "जाऊबाई, पहिला फॉर्म चुकला, पुन्हा सही लागेल." त्यांनी केली.

ते धरून आजवर ब्याऐंशी पार्सलं गेली.

मग वर्खवाल्याचं पत्र आलं. हे त्यांचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, परदेशातला सोन्याचा वर्ख चढवणारा म्हातारा. सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की बोट लावलं तर बोटालाच राहतो. तो उचलायला रुंद, चपटा, विरळ केसांचा ब्रश लागतो. तो ब्रश गालावरून एकदा फिरवायचा, गालाचं तेवढं तेल केसांना लागतं, आणि वर्खाजवळ नेला की वर्ख आपण होऊन त्याला येऊन बिलगतो. वर्खवाल्याच्या मते असे ब्रश आता जगात दोनच ठिकाणी होतात आणि दुसऱ्या ठिकाणचे बरे नसतात.

तो एका जुन्या नाट्यगृहाच्या छताचं काम करत होता. सरकारी काम. आणलेल्या प्रत्येक सामानाचा कागद फायलीला लागतो, म्हणून त्यानं पार्सलावरचा फॉर्म सोलून फायलीला लावला. तपासनीस आला, फाइल चाळली, विचारलं, करारात नैसर्गिक केसांचे ब्रश म्हटलंय, इथं तर कृत्रिम लिहिलंय. वर्खवाल्यानं लिहिलं होतं : 'हे केस कशाचे आहेत ते माझ्या गालाला माहीत आहे. पण फाइलला गाल नसतो. ब्रश करणाऱ्यांच्या सहीचं एक पत्र पाठवा, की हे शेळीचे केस आहेत. ते आलं नाही तर डझनभर ब्रश मला परत करावे लागतील आणि पुढच्या चाळीसांचं काम दुसऱ्या ठिकाणाला द्यावं लागेल. मला ते करायचं नाही.'

धाकटीनं पत्र तीनदा वाचलं. तिला धास्ती चाळीस ब्रशांची नव्हती. आता एकाच फायलीत दोन कागद लागणार होते. एक म्हणणार कृत्रिम, दुसरा म्हणणार शेळीचे, आणि दोन्हींवर तीच सही, एकेक अक्षर मांडून केलेली. बघणारा काय म्हणेल? ही बाई हवं तिथं हवं ते लिहिते.

तिनं रस्ता काढला. तिला रस्ते काढायची सवय लागली होती. 'फॉर्म भरताना नजरचुकीने...' अशी सुरुवात करून चार गुळगुळीत ओळी टाइप केल्या, छापून आणल्या आणि पुढच्या खोलीत गेली.

"जाऊबाई, एक सही हवी."

जाऊबाईंच्या ओठांत दोरा होता. त्यांनी गाठ मारली, दोरा तोडला, पदराला हात पुसले. पेन घेतलं. "कुठं?"

धाकटीनं बोट ठेवलं. पेन टेकणार तोच तिला काय झालं कोण जाणे. म्हणाली, "काय आहे ते विचारत नाही तुम्ही."

"तू लिहिलंयस ना?"

"हो."

"मग झालं."

पेन टेकलं. पहिलं अक्षर उमटलं. धाकटीनं कागद ओढून घेतला. रेघ टेबलभर गेली.

"अगं..."

"बसा जरा. सांगते," ती म्हणाली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. खिडकी, शेळी, डॉक्टर, चौकट, ओळ, फाइल. सांगताना स्वतःची बाजू लावून धरायचाही प्रयत्न केला. सगळे तेच करतात. दाखल्यापायी गिऱ्हाईक दर खेपेला तीन आठवडे थांबलं नसतं. कुणाचं काही बिघडलं नाही.

पडवीतलं कातकाम थांबलं होतं. म्हणजे भावजींना ऐकू येत होतं.

जाऊबाईंनी समोरची जुडी उचलली, पात्यानं एक केस ओढला, उजेडात धरून पाहिला, टाकला. "किती पार्सलं?"

"ब्याऐंशी."

"सगळ्यांवर माझी सही."

"हो."

"नायलॉनचा ब्रश घेऊन ये एक. चांगल्यातला."

"आता कशाला?"

"कागदावर मी दोन वर्षं काय करत होते ते बघू दे मला."

धाकटी कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रश घेऊन आली. वेष्टनातला, पिवळ्या मुठीचा. जाऊबाईंनी तो गालावर फिरवला. एकदा, दोनदा. मग टोकं अंगठ्यावर दाबली. सगळी एका मापाची, कापलेली. त्यांनी ब्रश भावजींकडे दिला. भावजी दारात येऊन उभे होते.

"भांडी घासायला बरा," भावजी म्हणाले.

"तुम्ही मुठी काता," जाऊबाई म्हणाल्या.

ते गेले नाहीत.

"चिडा ना माझ्यावर," धाकटी म्हणाली. "शिव्या घाला. गप्प बसू नका."

"चिडलेच आहे. पण तू समजतेयस त्याच्यावर नाही."

"मग कशावर?"

"तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि मग हे सगळं बंद पडलं असतं. सासऱ्यांनी शिकवलेलं फडताळात ठेवून दोघी दुसरीकडे कामाला गेलो असतो. मी ओळखत नाही का तुम्हाला?"

जाऊबाई हसल्या. हसू चांगलं नव्हतं. "नाही ओळखत. मी हो म्हटलं असतं."

धाकटीनं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"घरात चूल पेटवायची असते हे मला कळत नाही असं वाटलं तुला? मी हो म्हटलं असतं. रात्री दोन-चार दिवस डोळा लागला नसता, मग लागला असता. पण ते खोटं माझं असतं. मी केलेलं, मला माहीत असलेलं. तू तेही ठेवलं नाहीस मला. मला तू इथं देवीसारखी बसवलंस, आणि माझा हात धरून बाहेर सह्या करत फिरलीस."

धाकटीला आजवर वाटत आलं होतं की घरातली घाण आपण एकटी उपसतोय, थोरलीचे हात स्वच्छ राहावेत म्हणून. त्यात तिला थोडा अभिमानही होता. तो अभिमान किती स्वस्तातला होता हे तिला आत्ता, त्या टेबलावरच्या रेघेकडे बघताना दिसलं. दुसऱ्याला पवित्र ठेवणं म्हणजे त्याला न विचारणं, एवढाच त्याचा अर्थ निघत होता. पोस्टातल्या त्या माणसानंही असाच आपुलकीनं परस्पर रस्ता काढून दिला होता, आणि त्याला ती मनातून शिव्या देत आली होती.

"फाड तो कागद," जाऊबाई म्हणाल्या. "दुसरा लिही. मी सांगते तसा."

"सांगा."

"ब्रश शेळीच्या केसांचे आहेत. मी केलेत. फॉर्मात कृत्रिम लिहिलं ते खोटं आहे. नजरचूक नाही. दाखल्याला तीन आठवडे लागतात म्हणून लिहिलं."

"हे असं पाठवलं तर अडकू आपण. तो कागद इकडं परत आला, कुणी दाखवला, तर पार्सलं बंद होतील आपली."

"होतील कदाचित."

"होतीलच म्हणा."

"मग बंद पडलं तर दोघी मिळून बंद पाडू. मागच्यासारखं एकटीनं ठरवणं नको."

दारातून भावजी म्हणाले, "माझंही नाव घाला. मुठी माझ्या आहेत."

"मुठीबद्दल कुणी खोटं लिहिलेलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "फॉर्मात त्यांचं नावच नाही."

धाकटी लिहायला बसली. परक्या भाषेत 'खोटं' या शब्दाला तिला पाचसहा मऊ पर्याय येत होते. त्यातला कुठलाही घातला असता तरी जाऊबाईंना कळलं नसतं. तिनं सरळ शब्द लिहिला. मग एकेक ओळ उलट आपल्या भाषेत वाचून दाखवली. जाऊबाईंनी दोनदा अडवलं. एकदा 'दिलगीर आहोत' ऐकून, दुसऱ्यांदा 'आम्ही' ऐकून.

"आम्ही नको. केस मी बसवले, फॉर्म तू लिहिलास. वेगवेगळं लिही. आणि सही दोघींची."

धंद्याच्या कागदावर धाकटीनं कधीच सही केली नव्हती. जाऊबाईंच्या सुबक अक्षरांशेजारी तिची सही घाईत मारलेल्या टाक्यासारखी दिसली.

पत्र पोस्टात टाकायला गेली तर खिडकीवाला म्हणाला, "आज पार्सल नाही?"

"पत्रच आहे."

"पत्राला फॉर्म लागत नाही. आत काय लिहिलंय ते कुणी विचारत नाही," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

सतरा दिवसांनी उत्तर आलं. वर्खवाल्यानं लिहिलं होतं की असं पत्र तपासनिसानं उभ्या जन्मात वाचलं नव्हतं. दोनदा वाचून त्यानं ते फायलीला लावलं. डझनभर ब्रश राहिले, छताचं काम सुरू झालं. पण चाळीसांना तो तयार नव्हता. ते घ्यायचे तर फॉर्मावर शेळी हवी आणि सोबत दाखला. महिनाभर थांबतो, म्हणाला होता, त्यापुढं थांबणं त्याच्या हातात नाही. आणि बाकीची जी गिऱ्हाइकं होती त्यांची पुडकी खोलीच्या कोपऱ्यात बांधून पडली होती. त्यांवरची चौकट धाकटीनं भरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघी जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. जाऊबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. बाकावर एक आजारी कुत्रं, एक पिंजऱ्यातली कोंबडी आणि त्यांची माणसं. डॉक्टरनं धाकटीला ओळखलं.

"आणली का शेळी?"

जाऊबाईंनी रुमालातून केसांची जुडी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

"हे कशाचे?" त्यानं विचारलं.

"तुम्ही जनावरांचे डॉक्टर ना," जाऊबाई म्हणाल्या, "मला काय विचारता?"

बाकावरचा कोंबडीवाला हसला. डॉक्टरनं जुडी उचलली, बोटांत फिरवली, पुन्हा फिरवली, आणि जरा वेळ खाली ठेवलीच नाही. मग खणातून अर्ज काढला. "नमुना वर पाठवावा लागेल. तीन आठवडे. भरा."

अर्ज चांगला लांबलचक होता. धाकटीनं पेन उघडलं, पहिल्या चौकटीवर ठेवलं आणि जाऊबाईंकडे वळली.

"प्राण्याचा प्रकार. शेळी लिहू?"

"लिही."

"केस कुठून आणले. कातडीवाल्याचं नाव घालू की नुसतं बाजार?"

"त्याला विचारलंय मी. घाल."

"दर महिन्याला अंदाजे किती?"

"किती होतात ते तुला माहीत. किती सांगायचे ते बोलू."

दोघी बोलायला लागल्या. डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. "बाई, एकेक चौकट अशी विचारत बसलात तर संध्याकाळ होईल."

"होऊ द्या," धाकटी म्हणाली. "पुढचं काय आहे, जाऊबाई, केस धुता कशानं, ते विचारलंय. सांगा."